क्राउथरमास्तरांची वही: 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षकाची 27 वर्षं

मॅटिनीवाला
शनिवार, रात्री 11.20

गेलं दीड वर्ष एक उद्योग चालवला आहे. चाळीस ते साठच्या दशकातला एखादा हॉलिवूडचा सिनेमा रात्री बघायचा आणि तो लागला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर काय छापून आलं होतं ते झोपण्याआधी शोधून वाचायचं. पेपरचे जुने अंक आता घरबसल्या चाळता येतात, त्यामुळे बायकोच्या शिव्या सोडल्या तर खर्च काही नाही. पहिल्या पंधरवड्यातच लक्षात आलं की परीक्षणाखाली नाव बहुतेक वेळा एकाच माणसाचं असतं. बॉस्ली क्राउथर. 1940 ते 1967 अशी सलग 27 वर्षं हा माणूस त्या पेपरचा मुख्य चित्रपट समीक्षक होता.

आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक हसण्यासाठी. 1967 साली बँका लुटणाऱ्या जोडप्यावरचा हिंसक सिनेमा 'बॉनी अँड क्लाइड' आला. क्राउथरनं त्याला स्वस्तातला, उघड उघड थिल्लर विनोदी तमाशा ठरवलं. एकदा लिहून भागलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा लिहिलं. पुढे त्या सिनेमाला ऑस्करची 10 नामांकनं मिळाली आणि 1968 च्या सुरुवातीला क्राउथरच्या खुर्चीवर रेनाटा अॅडलर आल्या. गोष्ट इथे संपवायची असा रिवाज आहे.

पण सलग वाचत गेलं की माणूस वेगळा दिसायला लागतो. 'सिटिझन केन' 1941 साली लागला तेव्हा, केन आपल्यावरूनच बेतलाय म्हणून, वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या पेपरांनी त्याचं नावसुद्धा छापायचं नाही असं ठरवलं होतं. क्राउथरनं दुसऱ्याच दिवशी लिहिलं की हॉलिवूडमध्ये आजवर बनलेला हा जवळजवळ सर्वांत खळबळजनक सिनेमा आहे. त्याच दमात तक्रारही केली: केन हा माणूस आतून कसा आहे, तो असा का वागला, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. आता गंमत बघा. आपण ज्या गोष्टीसाठी 'केन'ला डोक्यावर घेतो, तीच त्याला उणीव वाटली.

हे पुन्हा पुन्हा होतं. 1946 चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' आज अमेरिकेत नाताळचा फराळ असल्यासारखा बघतात. क्राउथर म्हणतो, यात भावुकपणा फार, आयुष्याबद्दलची कल्पना भाबडी. 1954 चा हिचकॉकचा 'रिअर विंडो' त्याला करमणूक म्हणून चालतो, पण महत्त्वाचा नाही. माणसांबद्दल जे म्हणतो ते वरवरचं. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'ला 1964 मध्ये तो म्हणाला, मी पाहिलेला हा सर्वांत हादरवणारा विकृत विनोद. त्याची कारागिरी त्याला कळत होती. पण देशाची सगळी संरक्षण यंत्रणा, अगदी राष्ट्राध्यक्षासकट, टिंगलीचा विषय केलेली त्याला पचेना. केनेडींचा खून होऊन जेमतेम दोन महिने झाले होते हे लक्षात ठेवून वाचलं तर ते अगदीच खुळचट वाटत नाही.

एवढं वाचून माझं मत असं झालंय की क्राउथर हा नागरिकशास्त्राचा मास्तर होता. समोर आलेला प्रत्येक सिनेमा ही त्याच्या लेखी उत्तरपत्रिका. 'यातून प्रेक्षक काय घेऊन घरी जाईल?' हा पहिला प्रश्न, 20 गुण. अक्षर चांगलं असेल तर जास्तीचे दोन. हिचकॉकचं अक्षर उत्तम, पण उत्तर विषयाला धरून नाही, असं काहीसं. 1944 च्या 'लाइफबोट'वर तो जो उखडला तो याचमुळे. बोटीतल्या सगळ्या लोकशाहीवाद्यांपेक्षा एकटा नाझीच कर्तबगार दिसतो, हे महायुद्ध चालू असताना त्याला सहन होईना.

आणि याच पट्टीनं मोजत त्यानं चांगली कामंही केली. 'बायसिकल थीव्ज', 'रोम, ओपन सिटी' हे इटालियन सिनेमे अमेरिकन वाचकाच्या गळी उतरवले. 'द ग्रेट डिक्टेटर'च्या मागे उभा राहिला. 1952 मध्ये 'हाय नून'चं मनापासून कौतुक केलं, तेही त्याचा पटकथाकार कार्ल फोरमन कम्युनिस्ट हुडकणाऱ्या मॅकार्थीछाप चौकशीच्या फेऱ्यात सापडलेला असताना. म्हणजे चुकला तोही त्याच पट्टीमुळे आणि बरोबर आला तोही. पट्टी बदलली नाही, सिनेमे बदलले.

तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी मूळ परीक्षणं वाचली असतील तर भर घाला.

सोनटक्का
शनिवार, रात्री 11.41

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. 'सायको'चं काय केलं मास्तरांनी?

मॅटिनीवाला
शनिवार, रात्री 11.58

@सोनटक्का, तो वेगळाच किस्सा आहे. 1960 मध्ये हिचकॉकनं समीक्षकांसाठी आधी खेळ ठेवलाच नाही. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा थेटरवाल्यांना दम. त्यामुळे समीक्षकही पब्लिकमध्ये बसले. क्राउथरनं पहिल्यांदा थंडच लिहिलं: कमी खर्चातलं काम दिसतं, सुरुवात रेंगाळते वगैरे. आणि डिसेंबरात स्वतःच्या वर्षातल्या 10 उत्तम सिनेमांच्या यादीत 'सायको' घातला! सहा महिन्यांत मत फिरवलं आणि ते लपवलं नाही. आपल्याकडे असं केलेलं कुणी दाखवा.

'व्हर्टिगो'लाही त्यानं झोडपलं असेल असं मी धरून चाललो होतो. नाही. रहस्य अचाट आहे पण चतुर आहे, किम नोव्हाक दुहेरी भूमिकेत थक्क करते, असं लिहिलंय. आपणच आपल्या सोयीसाठी त्याला प्रत्येक ठिकाणी चुकवून ठेवतो.

बोरीबंदर
रविवार, सकाळी 7.15

धागा वाचून सकाळ सत्कारणी लागली. वय वर्षं 78, त्यामुळे यातले बरेच सिनेमे पडद्यावर पाहिले आहेत, बहुतेक धोबी तलावच्या 'मेट्रो'त. हे थेटर 1938 साली खुद्द एमजीएम कंपनीनं बांधलं. आत शिरलं की गालिच्यात पाय रुतायचा आणि घामेजलेल्या सदऱ्याची लाज वाटायची. पडद्यावर सिंहानं डरकाळी फोडली की आमच्यातला एक जण हमखास मांजराचा आवाज काढायचा.

सांगायचं कारण, या क्राउथरनं त्या सिंहाच्या कंपनीचा इतिहास लिहिला आहे, 1957 साली. आणि 1960 साली कंपनीचा सर्वेसर्वा लुई बी. मेयर याचं चरित्र लिहिलं, त्याचं नाव 'हॉलिवूड राजा'. राजा म्हणजे आपला संस्थानिक राजाच. त्यांच्याकडे तोवर राजा म्हणजे मनमानी, हत्ती आणि जडजवाहीर एवढाच अर्थ उरला असावा. आमच्या पिढीला मात्र हे परीक्षण-बिरीक्षण काही ठाऊक नव्हतं. पोस्टर बघायचं, खिशात किती आहेत ते बघायचं, रांगेत उभं राहायचं.

अडगळ
रविवार, सकाळी 9.02

मॅटिनीवाला, लेख छान पण मास्तरांचं जरा जास्तच कोडकौतुक चाललंय. एक नोंद राहून गेली की मुद्दाम वगळली? 'पथेर पांचाली' 1958 मध्ये न्यूयॉर्कला लागला तेव्हा याच गृहस्थांनी लिहिलं होतं की इतकी सैल रचना आणि इतकी मरगळलेली गती असलेला सिनेमा हॉलिवूडचे संकलक कच्चा कट म्हणूनही जेमतेम स्वीकारतील. कच्चा कट! ज्या माणसाला दुर्गा आणि अपू काशाच्या फुलांतून आगगाडी बघायला धावतात ते कच्चं वाटतं, त्याच्या पट्टीचं काय लोणचं घालायचं?

आणि हे नुसतं मत नव्हतं. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटाला 'टाइम्स'नं झोडलं तरी जाहिरातीच्या जोरावर तो चालायचा. परदेशी सिनेमा एका छोट्या थेटरात लागायचा आणि त्याचं भवितव्य या एका माणसाच्या सकाळच्या मूडवर. 1956 मध्ये जपानचा 'गॉडझिला' आला, त्याला तर 'अविश्वसनीय वाईट' म्हणून निकालात काढलं. हिरोशिमानंतर अकराव्या वर्षी अणुबाँबच्या भीतीवर बनलेला सिनेमा अमेरिकेत लागतो आणि नागरिकशास्त्राच्या मास्तरांना त्यात नागरिकशास्त्र दिसत नाही?

मॅटिनीवाला
रविवार, सकाळी 10.30

@अडगळ, मुद्दाम वगळली नाही, प्रतिसादात कुणीतरी काढणार याची खात्री होती :)

कच्च्या कटाचं वाक्य अक्षम्य आहे, मान्य. पण परीक्षण तिथे थांबत नाही. पुढे तो म्हणतो की हळूहळू या तुकड्यांतून एक करुण विषय वर येतो आणि सगळ्याला एक काव्यमय आकार येतो. म्हणजे डोळ्यांना दिसलं होतं, पट्टीवर मावलं नाही. आणि तुमचा 'मूडवर भवितव्य' हा मुद्दा इथे तरी लागू नाही, कारण ते वाक्य छापून आल्यावरही फिफ्थ अॅव्हेन्यू प्लेहाउसमध्ये 'पथेर पांचाली' सुमारे आठ महिने चालला. 'अपूर संसार' आला तोवर क्राउथरही राय यांचा चाहता झाला होता.

'गॉडझिला'बद्दल एकच बचाव: अमेरिकेत लागली ती मूळ प्रत नव्हती. रेमंड बर नावाचा अमेरिकन नट मध्ये घुसवून, कापाकापी करून बनवलेली आवृत्ती होती. तरीही तुमचा मुद्दा उरतोच.

घाटावरची
रविवार, दुपारी 1.10

वाचताना सारखं वाटत होतं की हे आपण कुठेतरी आधी वाचलंय. मग ट्यूब पेटली. अहो, हा तर फडके-खांडेकर वाद! कलेसाठी कला की जीवनासाठी कला. क्राउथर म्हणजे न्यूयॉर्कचे खांडेकर आणि हिचकॉक म्हणजे फडके, तंत्र चोख, कथानक घोटीव आणि 'पण यातून समाजाला काय?' विचारलं की भुवई वर. आमच्या घरी आजोबा खांडेकरवाले आणि मामा फडकेवाले होते. जेवायला एका पंगतीला बसले की आईला पोटात गोळा यायचा.

खांडेकरांनी मास्टर विनायकांसाठी पटकथाही लिहिल्या होत्या, म्हणजे 'सिनेमानं जीवनाला काही द्यावं' हा विचार आपल्याकडेही त्याच सुमाराचा.

शून्यप्रहर
रविवार, दुपारी 2.25

@घाटावरची ताई, उपमा झकास आहे पण एका ठिकाणी गळते. खांडेकरांना डोळ्यांत पाणी आलेलं चालायचं, किंबहुना हवंच असायचं. क्राउथर भावुकपणा दिसला की चिडतो. 'वंडरफुल लाइफ' घ्या. खांडेकरांनी त्या शेवटावर पानभर रूपक लिहिलं असतं.

आणि त्या सिनेमाच्या बाबतीत मी सरळ क्राउथरच्या बाजूचा आहे. तो सिनेमा 1946 मध्ये पडला, खर्चही निघाला नाही. 1974 मध्ये कुणीतरी हक्कांचं नूतनीकरण करायला विसरलं, म्हणून टीव्हीवाल्यांना फुकटात मिळाला आणि दर डिसेंबरला दाखवून दाखवून अभिजात झाला. त्यातला तो दुष्ट सावकार पैसे खिशात घालतो आणि शेवटपर्यंत त्याला कुणी जाब विचारत नाही. पण सगळे गाणं म्हणतात, घंटा वाजते, देवदूताला पंख मिळतात, आपण रुमाल काढायचा. 'आयुष्याबद्दलची भाबडी कल्पना' याहून वेगळं काय म्हणणार?

घाटावरची
रविवार, दुपारी 2.40

सावकाराला जाब विचारला असता तर तो हिंदी सिनेमा झाला असता. असो, खांडेकरांबद्दलची दुरुस्ती मान्य. रुमालाबद्दलची नाही. मी दर वेळी रडते आणि रडणार.

काळाकोट
रविवार, संध्याकाळी 6.05

मॅटिनीवाला यांनी एक प्रकरण दोन ओळींतही घेतलं नाही, ते माझ्या धंद्यातलं म्हणून लिहितो. धागा हॉलिवूडचा आहे, सिनेमा इटालियन; पण परिणाम हॉलिवूडवर झाला, म्हणून फार अवांतर नाही.

रोसेलिनीचा 'द मिरॅकल', जेमतेम पाऊण तासाचा. अॅना मॅग्नानीनं एका भोळ्या शेळ्या राखणाऱ्या बाईचं काम केलंय; एका वाटसरूला ती संत जोसेफ समजते आणि तिला दिवस जातात. डिसेंबर 1950 मध्ये तो न्यूयॉर्कला लागला. न्यूयॉर्कचा कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल स्पेलमन यानं सिनेमाविरुद्ध जाहीर मोहीम उघडली, थेटरासमोर निदर्शनं झाली आणि राज्याच्या मंडळानं दाखवायचा परवाना काढून घेतला. क्राउथर या सगळ्यात सिनेमाच्या बाजूनं उभा राहिला. ज्या शहरात कार्डिनलला दुखवायला राजकारणी धजत नसत तिथे.

वितरक जोसेफ बर्स्टिन सुप्रीम कोर्टात गेला आणि मे 1952 मध्ये जिंकला. 1915 पासून त्या कोर्टाचं म्हणणं होतं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य वगैरे नाही. ते या निकालानं मोडीत निघालं. हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता 1934 पासून कडक राबवली जात होती. तिचा पाया इथूनच पोखरला गेला आणि 1968 मध्ये ती गेली.

आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास असाच प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेले होते. 1970 मध्ये कोर्टानं सेन्सॉरशिप कायम ठेवली. यावर आणखी बोलायला लागलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

एक गोष्ट मात्र खटकते. ज्यानं सेन्सॉरशी एवढं भांडण घेतलं त्यालाच 1967 मध्ये पडद्यावरच्या हिंसेची इतकी धास्ती का वाटावी?

अडगळ
रविवार, संध्याकाळी 6.40

+1. आणि 'द मिरॅकल'बद्दल माहीत नव्हतं. मास्तरांचे दोन गुण वाढवले, लोणचं कॅन्सल.

तिसरी घंटा
रविवार, रात्री 9.50

एवढी चर्चा झाली पण दैनिकातलं परीक्षण कसं लिहिलं जातं हे कुणी लक्षात घेत नाहीये. मी बारा वर्षं एका पेपरात नाटकांची परीक्षणं लिहिली. रात्री पावणेबाराला पडदा पडणार, पान साडेबाराला सुटणार, त्यात लोकलनं ऑफिस गाठायचं. एकदा तिसऱ्या अंकात नायक मरतो तो प्रत्यक्षात मरतच नाही, हे मला कळलंच नाही, कारण मी शेवटची दहा मिनिटं विंगेतून फोनवर मथळा सांगत होते. छापून आलं 'हृदयद्रावक शेवट'. दुसऱ्या दिवशी नटानं स्वतः फोन करून जिवंत असल्याचं कळवलं.

क्राउथरचं असंच होतं. सिनेमा बघितला की लगेच सकाळच्या अंकासाठी मजकूर, आठवड्यातून किती तरी वेळा. पुन्हा बघायची सोय नाही, थांबवून मागे जायची नाही. शिवाय रविवारचा मोठा लेख वेगळा. त्याची सावकाश विचार केलेली मतं बघायची तर ते रविवारचे लेख वाचा. 'लाइफबोट'वरचा खरा तडाखा रविवारच्याच लेखात आहे.

आणि ज्या समीक्षकांशी त्याची तुलना होते त्यांना ही कटकट नव्हती. पॉलिन केलनं 'बॉनी अँड क्लाइड'च्या बाजूनं लिहिलं ते ऑक्टोबर 1967 मध्ये, सिनेमा येऊन दोन महिने झाल्यावर, 'न्यूयॉर्कर'मध्ये पानंच्या पानं. अँड्र्यू सॅरिसकडे 'व्हिलेज व्हॉइस' हे साप्ताहिक होतं. तिथल्या पहिल्याच परीक्षणात, 1960 मध्ये, त्यानं 'सायको' उचलून धरला आणि वाचकांची संतापलेली पत्रं ओढवून घेतली. दिग्दर्शक हाच सिनेमाचा कर्ता असं ही मंडळी म्हणत होती, त्यांना सगळा हिचकॉक एकत्र दिसत होता. दैनिकातल्या माणसापुढे दर शुक्रवारी एक सुटा सिनेमा येतो. मी त्या खुर्चीत बसले आहे म्हणून बाजू घेतेय असं म्हणा हवं तर.

शून्यप्रहर
रविवार, रात्री 10.15

म्हणतोच. घाई हे 'बॉनी'च्या बाबतीत कारण होऊ शकत नाही. पहिल्या परीक्षणात चुकला असता तर घाई म्हटलं असतं; नंतर शांतपणे बसून पुन्हा तेच लिहिलं, त्याला हट्ट म्हणतात. 'न्यूजवीक'च्या जोसेफ मॉर्गनस्टर्ननं आधी झोडपलं, मग थेटरात जाऊन पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात 'मी चुकलो' लिहिलं. त्याचाही आठवड्याचा धबडगाच होता की.

तिसरी घंटा
रविवार, रात्री 10.22

हा मुद्दा मान्य करावा लागेल. चडफडत करते.

मॅटिनीवाला
सोमवार, रात्री 12.35

@काळाकोट यांच्या प्रश्नावर दिवसभर विचार केला. मला वाटतं विसंगती नाही. सेन्सॉर सिनेमाला गप्प करतो, म्हणजे नागरिकाला विचार करू देत नाही, म्हणून क्राउथर त्याच्याविरुद्ध. आणि त्याच्या मते 'बॉनी अँड क्लाइड' गोळ्या झाडण्याला विनोदाची फोडणी देऊन नागरिकाचा विचार बधिर करतो, म्हणून त्याच्याही विरुद्ध. तो सिनेमावर बंदी घाला असं म्हणत नव्हता, बघायला जाऊ नका म्हणत होता. त्याच वर्षीच्या 'द डर्टी डझन'वरही याच कारणानं घसरला होता. 1967 चा तो उन्हाळा आठवा: न्यूअर्क आणि डेट्रॉइट वांशिक दंगलींत जळत होते, व्हिएतनामची दृश्यं रोज रात्री टीव्हीवर. त्याला वाटलं, एवढं रक्त घरात येत असताना थेटरात त्यावर हसायचं? तरुण प्रेक्षकाला वाटलं, एवढं रक्त घरात येत असताना थेटरातलं मरण अजून स्वच्छ आणि बिनवेदनेचं का दाखवता? दोघं एकच बातमी बघून आले होते. शेवटच्या प्रसंगात बॉनीचं शरीर गोळ्यांनी हिसके खातं तेव्हा कुणालाच हसू येत नाही, हे मात्र मास्तरांनी प्रामाणिकपणे नोंदवायला हवं होतं. तिथे ते चुकले, शून्यप्रहर म्हणतात तसं हट्टानं चुकले.

जाता जाता पट्टीवाल्या माझ्या सिद्धान्तात न बसणारी एक चूक कबूल करतो. डिसेंबर 1962 मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ला क्राउथर म्हणाला 'कॅमल ऑपेरा'. काउबॉयच्या सिनेमांना तिकडे कुचेष्टेनं हॉर्स ऑपेरा म्हणत, त्यावरून. प्रचंड, गडगडाटी, पण तिसऱ्या तासाला दम तुटतो, असं पुढे. आणि सहाच महिन्यांनी 'क्लिओपात्रा' आला, ज्यानं फॉक्स कंपनी बुडायच्या बेतात आणली होती, तर त्याला काळातल्या थोर महापटांपैकी एक ठरवलं! यातून नागरिकानं काय घ्यायचं होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

सोनटक्का
सोमवार, सकाळी 8.05

लॉरेन्सला नावं ठेवली? आता मास्तरांचं आणि माझं जमणार नाही. आजच रात्री पुन्हा लावते.

बोरीबंदर
सोमवार, सकाळी 8.30

'क्लिओपात्रा' मी पाहिलाय. एलिझाबेथ टेलर रोममध्ये शिरते ती मिरवणूक काय होती! त्या दिवशी मला विचारलं असतं तर मीही थोरच म्हणालो असतो.

सोनटक्का
मंगळवार, सकाळी 7.50

लॉरेन्स बघून झाला. पावणेचार तास. आगकाडी विझवतो आणि वाळवंटात सूर्य उगवतो तिथे अंगावर काटा आला, विहिरीपाशी ओमर शरीफ लांबून ठिपक्यासारखा येतो तिथे पुन्हा आला. तिसरा तास लागल्यावर मी उठून चहा टाकला, दूध उतू गेलं, गॅस पुसला, आले तर उंट अजून चाललेच होते. अडगळना सांगू नका.

अडगळ
मंगळवार, सकाळी 8.12

वाचलं.